परतीचे कागद

पुण्याहून जर्मनीपर्यंत मोटरसायकलने जायचं आहे असं सांगितलं की लोक गाडीचं ॲव्हरेज विचारतात. पंक्चर काढता येतं का, रात्री कुठे राहणार, खाण्याचं काय, हेही विचारतात. 2019 च्या जानेवारीपासून जूनपर्यंत मला भेटलेल्या माणसांपैकी एकानेही ‘कागदांचं काय?’ असं विचारलं नाही. आणि त्या काळात मी नोकरीव्यतिरिक्त दुसरं काहीच करत नव्हतो. प्रवास झाला 71 दिवसांचा. कागद जमवायला पाच महिने लागले. इस्फहानचे पूल आणि अरारातचा बर्फ यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, तेव्हा इथे मी फाइलबद्दलच लिहिणार आहे.

नेपाळला गाडीने जाऊन आलेल्यांना वाटतं, त्यात काय एवढं. सुनौलीला भन्सार भरायचा, पावती घ्यायची आणि आत जायचं. पण नेपाळ-भूतान सोडले तर मोटरसायकलच्या दृष्टीने भारत हे जवळजवळ बेट आहे. मुंबईहून 1923 साली जगप्रवासाला निघालेले पारशी सायकलस्वार पंजाब, बलुचिस्तान करत इराणात पोचले होते. तो रस्ता अजून जागेवर आहे, पण भारतीय नंबरप्लेट घेऊन त्याने जाता येत नाही. उत्तरेकडून तिबेटमध्ये शिरायचं तर चीनमधला अधिकृत गाइड पूर्णवेळ सोबत घ्यावा लागतो आणि चीनचा तात्पुरता वाहनपरवाना काढावा लागतो, कारण आपला आंतरराष्ट्रीय परवाना तिथे चालत नाही. माझ्यासारख्या पगारदाराला उरतो तो समुद्र. न्हावा शेवाहून खोक्यात बंद करून गाडी जेबेल अलीला, तिथून शारजा, शारजाहून फेरीने बंदर अब्बास, आणि मग पुढे सगळी जमीन: इराण, तुर्कस्तान, बल्गेरिया आणि वर.

इराण म्हटलं की कार्ने आलं. पूर्ण नाव ‘कार्ने द पासाज आँ दुआन’. ए-फोर आकाराचं पुस्तक असतं. पाच, दहा किंवा पंचवीस पानांचं. प्रत्येक पानाचे आडवे तीन भाग. देशात शिरताना तिथला कस्टम्स अधिकारी खालचा भाग फाडून घेतो, बाहेर पडताना मधला भाग फाडला जातो, आणि वरच्या, आपल्याकडे राहणाऱ्या भागावर दोन्ही वेळचे शिक्के पडतात. आत आल्याचा शिक्का आहे आणि बाहेर गेल्याचा नाही, याचा अर्थ तुम्ही गाडी तिथेच विकलीत किंवा टाकलीत असा धरला जातो, आणि आयात कराची मागणी निघते. ती मागणी तुमच्याकडे येत नाही. ज्या संस्थेने कार्ने दिलं तिच्याकडे येते. 1954 साली न्यूयॉर्कला झालेल्या एका करारावर ही व्यवस्था उभी आहे: गाडीवाल्याला कोणी ओळखत नाही, पण त्याच्या देशातली मोटारसंघटना त्याला जामीन राहते, आणि सगळे देश त्या संघटनेचा शब्द मानतात.

माझ्यासाठी ही संघटना म्हणजे चर्चगेटची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन. संस्था 1919 ची, म्हणजे मी गेलो तेव्हा तिला शंभर वर्षं होत होती. अर्ज मोटारींचा विचार करून तयार झालेला असणार, कारण त्यात गाडीच्या आसनांचं आच्छादन कसलं आहे हे विचारलेलं असतं. रेडिओ कुठल्या बनावटीचा, जादा टायर किती, हेही. माझी गाडी म्हणजे चाकणला तयार झालेली पल्सर 220. (मित्रांनी मोठी गाडी घ्यायचा सल्ला दिला होता. इराणमध्ये सर्वसामान्य माणसाला 250 सीसीच्या वरची मोटरसायकल चालवायला बंदी आहे, हे कळल्यावर माझी जुनी गाडी मला एकदम शहाणी वाटायला लागली.) आच्छादनाच्या रकान्यात मी ‘काळं रेक्झिन’ लिहिलं. रेडिओचा रकाना रिकामा सोडला होता, तर एका अनुभवी माणसाने सांगितलं, रिकामं काही ठेवायचं नाही, ‘निल’ लिहा. रिकाम्या जागेत दुसरा कोणीतरी काहीतरी लिहू शकतो. पाच महिन्यांत मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच.

चासी नंबर आणि इंजिन नंबर नुसते लिहून भागत नाही, ते धातूवर वाचता यावे लागतात. चासी नंबरावर चिकटपट्टी दाबून त्यावर पेन्सिल घासायची आणि उठलेली छाप कागदावर चिकटवायची, ही आपल्याकडची जुनी पद्धत. सात पावसाळे काढलेल्या माझ्या गाडीचा एक आकडा गंजाखाली गेला होता. तो 3 आहे की 8 यावर गॅरेजमध्ये बराच वेळ चर्चा झाली. रॉकेलचा बोळा आणि जुना टूथब्रश घेऊन मी तासभर बसलो तेव्हा 8 वर आला. आरसी बुकातही 8 होता. एवढ्या छोट्या गोष्टीने किती हायसं वाटतं हे सांगून पटणार नाही.

त्याहून अवघड प्रकरण नावाचं. आपण मराठी माणसं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी तीन पदं घेऊन फिरतो आणि त्यांचा क्रम आपल्याला महत्त्वाचा वाटत नाही. माझ्या पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका ओळीत, आडनाव दुसऱ्या ओळीत. आरसीवर आडनाव आधी. लायसन्सवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. शिवाय आडनावात एका ठिकाणी डबल ई, दुसऱ्या ठिकाणी आय. इथे कोणाला फरक पडत नाही, पण बंदर अब्बासच्या खिडकीमागचा माणूस अक्षरं जुळवून बघणार. ‘या तिन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे’ असं प्रतिज्ञापत्र केलं, नोटरी केलं, आणि मग लायसन्स व आरसी दोन्ही पासपोर्टप्रमाणे करून घेतली. आंतरराष्ट्रीय परवाना त्यानंतर. तो आरटीओतच मिळतो, 1949 च्या जिनिव्हा कराराप्रमाणे, मुदत एक वर्ष. त्याचं पुस्तक हातात आलं तेव्हा घरात पेढे आणले. निम्मे पेढे नाव जुळल्याचे होते.

मग आली बँक हमी.

संघटना आपल्याला जामीन राहणार, तर संघटनेलाही कोणीतरी जामीन हवा. ती बँक. आणि बँकेला जामीन आपली ठेव. हमीची रक्कम गाडीची किंमत आणि ज्या देशांत जायचं तिथले आयात कर बघून ठरते; माझ्या बाबतीत ती गाडीच्या किमतीच्या कितीतरी वर, अडीच लाखांपर्यंत गेली. पन्नास हजारांत कोणी विकत घेतली तर मी खूश होईन अशी गाडी, तिच्यासाठी अडीच लाख. घरात तेवढी एकच मुदत ठेव होती, माझ्या आणि बायकोच्या नावावर, लेकीच्या शिक्षणाची. लेक तेव्हा नुकतीच दहावीची परीक्षा देत होती. ठेवीवर बँकेचा लिएन लागणार, म्हणजे ठेव आपलीच, व्याजही आपल्याला, पण हात लावायचा नाही. त्यासाठी दोघांच्या सह्या लागतात.

बायको एका विमा कंपनीत दावे विभागात आहे. तिने सही करायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. कार्नेची मुदत एक वर्ष, म्हणजे एप्रिल 2020. पण करारात आणखी एक वर्ष आहे: गाडी बाहेर गेल्याची नोंद सापडत नाही, असं कळवायला त्या त्या देशाच्या कस्टम्सला कार्ने संपल्यापासून वर्षभराची मुदत असते. म्हणजे एप्रिल 2021. लेकीची बारावी मार्च 2021 ला, प्रवेश जूनच्या सुमाराला. सगळं नीट झालं, गाडी परत आली, शिक्के पुरे असले तर हमी आधीच मोकळी होईल. एक शिक्का कमी पडला तर मात्र पहिल्या वर्षाची फी भरायच्या वेळी ठेव अडकलेली असेल, किंवा नसेलच.

“एका शिक्क्यावर आहे तर,” ती म्हणाली.

“प्रत्येक देशात दोन,” मी म्हटलं.

तिने सही केली. त्या दिवशी माझा उत्साह थोडा ओसरला हे खरं. तोपर्यंत ही माझी एकट्याची हौस होती.

गाडीच्या विम्याची गोष्ट लवकर संपते, कारण तो जवळजवळ नसतोच. आपल्या मोटार पॉलिसीचा प्रदेश भारत. जादा हप्ता भरून तो नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि, कागदावर तरी, पाकिस्तानपर्यंत वाढवता येतो. त्यातही समुद्रातून किंवा विमानातून गाडी नेताना काही झालं तर ते वगळलेलं. इराणचं नाव त्या यादीत नाही. पुढे युरोपात ‘ग्रीन कार्ड’ची पद्धत आहे, 1953 पासूनची: एका देशातल्या विम्यावर दुसऱ्या देशात तिसऱ्या माणसाचं नुकसान भरून देण्याची. गंमत म्हणजे इराण आणि तुर्कस्तान दोन्ही त्या साखळीत आहेत, आपण नाही. त्यामुळे भारतीय गाडीने दर सीमेवर उतरायचं, खिडकी शोधायची आणि तिथला थर्ड पार्टी विमा विकत घ्यायचा. बल्गेरियाच्या सीमेवर घेतलेला विमा पुढे सगळ्या युरोपीय संघात चालतो, तेवढाच दिलासा. हा सगळा विमा मी ज्याला धडक देईन त्याच्यासाठी. माझ्या गाडीचं काही झालं तर ते माझं मी बघायचं.

आणि गाडीचं काही झालं तरी कार्ने सुटत नाही. गाडी चोरीला गेली तर पोलिसांचा कागद घेऊन त्या देशाच्या कस्टम्सची समजूत घालायची. अपघातात चक्काचूर झाली, तरी तो चक्काचूर देशाबाहेर गेला पाहिजे. तसं नको असेल तर 1954 च्या करारात मार्ग सांगितले आहेत: कर भरा, नाहीतर गाडी तिथल्या सरकारला फुकट देऊन टाका, नाहीतर सरकारी देखरेखीखाली स्वतःच्या खर्चाने ती नष्ट करा. तुर्कस्तानात कार्ने लागत नाही, पण तिथे शिरताना गाडी तुमच्या पासपोर्टला जोडली जाते. घरून फोन आला, आई आजारी आहे, आणि तुम्ही विमानतळावर धावलात, तर गाडी कुठे आहे हे विचारलं जातं. ती आधी कस्टम्सच्या ताब्यात द्यायची, मग विमान. माझी आई तेव्हा 79 वर्षांची होती. हे कलम मी तिला सांगितलं नाही.

राहिला माणसाचा विमा. शेंगेन व्हिसासाठी तो सक्तीचाच: निदान 30,000 युरोंचा, आणि त्यात उपचारांबरोबर मायदेशी परत पाठवण्याचा खर्चही धरलेला हवा, जिवंत असलात तरी आणि नसलात तरी. मी एका कंपनीची ‘संपूर्ण जग’ असं मुखपृष्ठावर छापलेली पॉलिसी घेऊन घरी आलो. विमा कंपनीतली माणसं पॉलिसी मागून पुढे वाचतात हे मला लग्नानंतर कळलं. पुढच्या पानांवर काय देणार ते असतं, मागच्या पानांवर काय देणार नाही ते. जेवणं झाल्यावर बायको चष्मा लावून, पेन्सिल घेऊन बसली आणि दहा मिनिटांत म्हणाली, “यात इराण नाही.”

संपूर्ण जगात इराण नव्हता. म्हणजे नाव घेऊन वगळलेला नव्हता. आंतरराष्ट्रीय निर्बंधांचा भंग होईल असा कोणताही दावा कंपनी देणार नाही, असं एक वाक्य होतं. नोव्हेंबर 2018 मध्ये अमेरिकेने इराणवरचे निर्बंध पुन्हा पूर्णपणे लागू केले होते. आपल्या कंपन्या आपली जोखीम पुढे परदेशी पुनर्विमा कंपन्यांच्या खांद्यावर देतात, त्यामुळे हे वाक्य आपल्याकडच्या पॉलिसीत येऊन बसतं. त्याच निर्बंधांमुळे इराणमध्ये आपलं एकही कार्ड चालत नाही, म्हणजे दवाखान्याचं बिल रोखीनेच द्यावं लागणार. इराणपुरता एका इराणी कंपनीचा प्रवासविमा वेगळा घेतला. तिचं पुढचं बोट दुचाकीच्या कलमावर होतं: त्या देशात ग्राह्य असलेला परवाना आणि डोक्यावर हेल्मेट, दोन्ही असतील तरच. म्हणजे आरटीओतून आणलेलं ते छोटं पुस्तक मुदतीत नसेल, तर ही पॉलिसीही नाही.

मग ती ‘पार्थिव’ या शब्दापाशी आली. तिने कार्नेचं माहितीपत्रकही शेजारी उघडून ठेवलं होतं.

“तुझ्या गाडीला तीन पर्याय आहेत,” ती म्हणाली. “तुला दोनच. घरी आणणं किंवा तिथेच अंत्यविधी.”

मी हसलो. ती हसली नव्हती. दावे विभागात हे रोजचं काम आहे. तिने विचारलं, हा खर्च कंपनी थेट करणार की आधी आपण करून मग मागायचा? तसं असेल तर तेवढी रोकड इथून तिकडे पाठवायची कशी, बँका बंद असताना? मृत्यूचा दाखला फारसीत येईल, त्याचं भाषांतर लागेल, शव टिकवण्याची प्रक्रिया केल्याचा दाखला लागेल, वकिलातीचं ना-हरकत पत्र लागेल आणि माणसाचा पासपोर्ट तिथे रद्द करून घ्यावा लागेल. हे सगळं ती यादी करत बोलत होती. तेहरानच्या वकिलातीचा नंबर तिने तिच्या फोनमध्ये घालून घेतला.

“तिथेच उरकून टाका,” मी म्हटलं. “कशाला एवढा व्याप.”

“दहनाची सोय मिळेलच असं नाही. दफन केलं तर चालेल तुला?”

“चालेल.”

“मला नाही चालणार,” ती म्हणाली. “आणि आईंना मी कुठे नेऊन दाखवू?”

तिने पहिल्या पर्यायापुढे पेन्सिलने खूण केली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. घराचे हप्ते, लेकीची शाळा, माझ्या वडिलांचं आजारपण, सगळ्यावर आम्ही बोललो होतो. पण आपल्यापैकी एक जण मेला तर दुसऱ्याने काय करायचं हे कधीच बोललो नव्हतो. तेही बोलणं झालं ते एका पॉलिसीच्या शेवटून तिसऱ्या पानामुळे. मग दूध विरजायला ती आत गेली, आणि मी बराच वेळ त्या खुणेकडे बघत बसलो.

त्या रात्रीनंतर मला फाइलमधला प्रत्येक कागद एकच गोष्ट विचारताना दिसायला लागला. कार्ने म्हणतं, गाडी परत आणशील ना. व्हिसाचा अर्ज म्हणतो, तू परत जाशील ना: नोकरीचं पत्र, रजेचं पत्र, घराचे कागद, परतीचं तिकीट. मोटरसायकलवरून जाणाऱ्याला परतीचं तिकीट कुठलं? शेवटी हॅम्बुर्गहून माझं विमानाचं आणि गाडीचं जहाजाचं, अशी दोन आरक्षणं जोडली. वकिलातीला आपल्या खात्यात मोकळे पैसे दिसायला हवे असतात आणि कार्ने देणाऱ्यांना ते अडकलेले हवे असतात. त्यामुळे भावाकडून तीन महिन्यांसाठी उसने घेतले.

निघताना झेरॉक्सचे चार संच होते: एक टँकवरच्या पिशवीत, एक सीटखाली प्लास्टिकमध्ये, एक ईमेलमध्ये, एक बायकोकडे. न्हावा शेवाला गाडीतलं पेट्रोल काढलं, बॅटरीची वायर सोडवली, पेन्सिलने घासलेली छाप चासीशी पुन्हा एकदा जुळवून बघितली आणि खोक्याला खिळे ठोकले.

प्रवासाबद्दल एवढंच सांगतो की कार्नेचा विषय निघाला की मी चिवट व्हायचो. बाझरगानला, इराणमधून बाहेर पडताना, मागे ट्रकांची रांग होती, समोरचा गृहस्थ चहा पीत होता आणि फार सौजन्याने मला ‘झालं, जा’ असं खुणावत होता. मी गेलो नाही. मधला भाग फाडला गेला आहे, वरच्या भागावर शिक्का आहे, तारीख वाचता येते, सही आहे, हे सगळं बोट ठेवून बघितलं, मग फोटो काढला आणि घरी पाठवला. पुण्यात तेव्हा दुपार होती. तिचं उत्तर लगेच आलं: “तारीख त्यांच्या कॅलेंडरची आहे. आपल्या तारखेची पण टाकून घे.” मी पुन्हा खिडकीशी गेलो. गृहस्थांनी चहाचा पेला बाजूला ठेवला आणि काही न विचारता दुसरी तारीख घातली. मलाही चहा दिला.

गाडी ऑक्टोबरमध्ये परत आली. खोकं उघडताना चासीवरचा 8 पुन्हा तपासला गेला आणि कार्नेवर परत आल्याचा शिक्का बसला. ते पुस्तक आपल्याकडे राहत नाही, हे मला माहीत होतं, तरी चर्चगेटला ते काउंटरवर देताना हात जरा रेंगाळला. पानांवर डिझेलचा वास होता, एका कोपऱ्यावर चहाचा डाग. नोव्हेंबरच्या शेवटी हमीचा मूळ कागद बँकेत परत गेला आणि ठेवीवरचा लिएन उठला. 2021 मध्ये ती ठेव मोडली आणि लेकीची फी भरली.

फाइल अजून कपाटात आहे. मी ती एकदा आवरायला काढली होती, तेव्हा बायकोने प्रवासविम्याची पॉलिसी माझ्या हातातून काढून घेऊन परत आत ठेवली. मुदत संपली की, मी म्हटलं. दावे उशिरानेही येतात, ती म्हणाली, तीन वर्षं तरी टाकू नकोस. तिला आता तीन वर्षांहून जास्त होऊन गेली आहेत, आणि शेवटून तिसऱ्या पानावरची पेन्सिलची खूण अजून वाचता येते.